पाणी ‘खाणाऱ्या’ भाषेतून इंग्रजीकडं

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना घेतलेले दम आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात, बाकी बोलणं तसंच आहे.

आजचा प्रश्न एका ऐकणारीनं व्हॉइस नोटवर पाठवला. ती हिंजवडीत नोकरी करते आणि तिची रूममेट बंगालची आहे. रूममेटला इंग्रजी शब्द वाढवायचेत. ॲप झाली, यूट्यूब झालं, शब्दांची जाडजूड पुस्तकंही झाली. पाठ होतं, पण बोलायची वेळ आली की तोंडातून काही निघत नाही. “मी तिला कशी मदत करू? मला तर बंगालीत ‘आमि तोमाके भालोबाशि’च्या पुढं काही येत नाही.”

ताई, तेवढं आलं तरी पुष्कळ झालं! पण प्रश्न मला एकदम जवळचा वाटला, कारण गेले काही महिने मी हेच काम करतोय. माझ्या टीममधली एक सहकारी कृष्णनगरची, म्हणजे पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातली. तिचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सध्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याला सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी हवीय, आणि त्या नोकरीत परराज्यातल्या ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलावं लागतं. वडिलांनी मुदत दिलीय ती दुर्गापूजेपर्यंतची. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मामाच्या सिमेंटच्या दुकानात हिशेब लिहायचा. पोरगं मला ‘दादा’ म्हणतं आणि रोज रात्री साडेनऊला फोन करतं.

त्याच्याकडं स्पर्धा परीक्षेचं एक पुस्तक होतं. त्यातले हजारभर शब्द त्याला खरोखर तोंडपाठ आहेत. अबेट, अब्हॉर, अब्स्टेमियस, कुठलाही विचारा, लगेच बंगाली अर्थ सांगेल. मग मी म्हटलं, “बरं, आज घरी आल्यावर काय काय केलंस ते इंग्रजीत सांग.” बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “आय ओपन्ड माय शूज.”

हसू नका. त्या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे. ओपन हा शब्द त्याला येतो. शू हाही येतो. त्याला न येणारा शब्द त्या वाक्यात एकही नाही.

बंगालीत बूट ‘काढत’ नाहीत, ‘उघडतात’. जुतो खोला, जामा खोला. दार उघडायलाही खोला आणि शर्ट काढायलाही खोला. त्यानं आपल्या भाषेचं क्रियापद उचललं, पुस्तकातल्या अर्थाप्रमाणं इंग्रजी शब्द शोधला आणि ठेवून दिला. पुस्तकानं त्याला सांगितलं होतं की खोला बरोबर ओपन. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पुस्तकानं त्याला हॅश मॅप दिला, एका किल्लीला एकच उत्तर. भाषा तशी चालत नाही. एका किल्लीला आठ उत्तरं असतात आणि कुठलं उचलायचं ते शेजारी कोण बसलंय यावर ठरतं.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे खाओआ, आपलं खाणं. बंगाली माणूस भात खातो, मासे खातो, इथपर्यंत ठीक. तो पाणीसुद्धा खातो, जोल खाओआ. चहा खातो. सिगारेट खातो. औषध खातो, हे आपल्याकडंही काही घरांत ऐकू येतं. लाच खातो, ती तर आपणही खातो, म्हणजे खाणारे खातात. मुका घ्यायचा तर चुमू खाओआ. पाय घसरून धाडकन पडला तर आछाड खाओआ. बोलणी बसली तर बोकुनी खाओआ. आता हे इंग्रजीत न्या. पाण्याला ड्रिंक, चहाला हॅव, सिगारेटला स्मोक, औषधाला टेक, पडण्याला फॉल आणि बोलणी खाण्याला गेट स्कोल्डेड. बंगालीतलं एक क्रियापद इंग्रजीत सहा ठिकाणी फुटलं. यातला एकही शब्द अवघड नाही, सगळे चौथी-पाचवीतले आहेत. तरी इंटरव्ह्यूमध्ये माणूस अडकतो तो इथंच.

आपण मराठी माणसांनी फार हुशारी मारायचं कारण नाही. आपलं ‘काढणे’ घ्या. फोटो काढतो, चित्र काढतो, बूट काढतो, तिकीट काढतो, बँकेतून पैसे काढतो, कर्ज काढतो, कुणाची तरी आठवण काढतो, आणि महिनाअखेरीला कसेबसे दिवस काढतो. कुणी आपल्याला काढणे बरोबर रिमूव्ह असं शिकवलं असतं तर आपणही “आय रिमूव्ह्ड अ टिकेट” म्हणालो असतो. बंगालीत तिकीट ‘कापतात’, टिकिट काटा. पोहण्यालाही तेच क्रियापद, शाँतार काटा. फोटो ‘उचलतात’, छोबि तोला. पैसे काढणं, फुलं तोडणं आणि जांभई देणं या सगळ्याला तोलाच. जांभई उचलतात! मला हे कळलं त्या रात्री मी स्वतः दोनदा उचलली.

आता थोडं मागं जाऊ, कारण शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं नेमका हाच प्रश्न बंगालमध्येच बसून सोडवायला घेतला होता. इंग्रजी शब्द शिकवण्याच्या जगात त्याचं नाव फार मोठं आहे.

मायकेल वेस्ट. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधला इंग्रज अधिकारी, ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा प्राचार्य. त्यानं बंगाली मुलांच्या शाळा पाहिल्या आणि १९२६ मध्ये ‘बायलिंग्वलिझम’ नावाचा मोठा अहवाल लिहिला, तोही खास बंगालच्या संदर्भात. त्याला दिसलं की वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही मुलांना साधं पुस्तक वाचता येत नाही. आणि बहुतेक मुलं शाळा पुरी करतच नाहीत, मध्येच सोडतात. मग त्यानं विमा कंपनीच्या भाषेत एक प्रश्न विचारला. शिक्षणाची सरेंडर व्हॅल्यू किती?

तुमच्या बाबांनी एलआयसीची पॉलिसी घेतली असेल तर हा शब्द घरात ऐकला असेल. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय परत मिळतं? वेस्टचं म्हणणं असं की मुलगा चौथीत शाळा सोडून गेला, तर तोवर शिकलेल्या इंग्रजीचं त्याच्या हातात काय उरलं? पूर्ण अभ्यासक्रम संपवला तरच उपयोगी पडेल असं शिकवलं असेल, तर मध्येच गेलेल्याच्या हातात शून्य.

मला हा विचार फार आवडतो, आणि तो शाळेपुरता नाहीच. आपल्या कृष्णनगरच्या भावाकडं पूजेपर्यंतचा वेळ आहे. त्यानं आज अभ्यास थांबवला तर हजार शब्दांपैकी उद्या दुकानात किती वापरता येतील? अब्स्टेमियस हा शब्द त्याला आयुष्यात किती वेळा लागेल? त्या पाठांतराची सरेंडर व्हॅल्यू जवळजवळ नाहीच. उलट ‘टेक ऑफ’ हे दोनच शब्द घेऊन तो आज संध्याकाळपासून बूट, शर्ट, चष्मा आणि मोबाईलचं कव्हर काढू शकतो.

वेस्टनं पुढं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. त्यानं मुलांच्या वाचनाच्या पुस्तकांतले जुनाट, पुस्तकी शब्द काढून तिथं रोजचे शब्द घातले. आइल गेलं, आयलंड आलं. नॉट गेलं, नथिंग आलं. दुसरं म्हणजे नवीन शब्द दाटीवाटीनं न घालता लांब लांब पेरले, साधारण पन्नास ओळखीच्या शब्दांमागं एक नवा. म्हणजे वाचणाऱ्याचा पाय सतत जमिनीवर राहतो. पुढं १९५३ मध्ये त्याची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ आली, सुमारे २००० शब्दांची. इंग्रजीत सगळ्यात जास्त कामाला येणारे शब्द कुठले, याची ही यादी अनेक दशकं जगभर वापरली गेली. त्या यादीची एक खुबी लोक विसरतात. प्रत्येक शब्दासमोर त्याचे वेगवेगळे अर्थ होते आणि कुठला अर्थ शेकडा किती वेळा येतो, त्याचा आकडाही होता. १९५३ मध्ये, कॉम्प्युटर हाताशी नसताना! हे काम माणसांनी बसून, मोजून केलंय.

आज ती यादी जुनी झालीय, तिच्यात कॉम्प्युटर हा शब्दच नाही. २०१३ मध्ये नवी यादी आली, ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’. तिच्यात साधारण २८०० शब्द आहेत आणि नेटवर ती फुकट मिळते. तिचे कर्ते सांगतात की सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ९२ टक्के शब्द या यादीत सापडतात. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. ९२ टक्के म्हणजे बारा शब्दांमागं एक अनोळखी, आणि तो बारावा शब्दच अनेकदा बातमीचा गाभा असतो. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, असा पॉल नेशन या अभ्यासकाचा २००६ चा हिशेब आहे. पण फोनवर ग्राहकाचं गाऱ्हाणं ऐकून उत्तर द्यायला पहिले दोन-अडीच हजारच आधी पक्के हवेत, आणि पक्के म्हणजे अर्थ आणि जोडीदारासकट पक्के.

‘वर्ड पॉवर मेड इझी’ सुचवणारे मेसेज येणार, ते मला आत्ताच दिसतायत. १९४९ चं ते पुस्तक चांगलंच आहे, मीही कॉलेजात वाचलंय. पण ते ज्याला आधीच सरळ इंग्रजी वाचता येतं त्याच्यासाठी आहे. घराला दार नसताना झुंबर कुणी आणतं का?

तर मग सुरुवात कुठून करायची? माझ्या मते, जे आधीच घरात आहे तिथून.

बंगालीत इंग्रजी शब्द किती आहेत याचा अंदाज बंगाली माणसालाही नसतो. इंग्रजांची राजधानी १९११ पर्यंत कोलकाता होती, हिंदू कॉलेज १८१७ चं. एवढा काळ शेजारी राहिल्यावर शब्द घरात येऊन झोपतातच. टेबिल, चेयार, डाक्तार, गेलाश हे लगेच ओळखू येतात. पण बाक्शो म्हणजे बॉक्स, लॉन्ठॉन म्हणजे लँटर्न, जुन्या माणसांच्या तोंडचं आपिश म्हणजे ऑफिस आणि इश्कुल म्हणजे स्कूल. धिप्पाड, रुबाबदार माणसाला जाँद्रेल म्हणतात, तो मूळचा जनरल! गुलाबजामचा चुलतभाऊ शोभेल अशी लेडिकेनी नावाची मिठाई आहे, तिचं नाव लेडी कॅनिंगवरून पडलं असं सांगतात. मी भावाला म्हटलं, आठवडाभर घरात आणि बाजारात कान देऊन असे शब्द गोळा कर. त्यानं सात दिवसांत एकशे ऐंशी लिहून आणले. मला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्या मुलाला स्वतःच्याच हस्ताक्षरात एकशे ऐंशी शब्द दिसले, आणि त्या दिवसापासून त्याचा फोनवरचा आवाज जरा मोकळा झाला.

पण थांबा. हे शब्द घरात राहून बदललेत, तेव्हा त्यांना तसंच्या तसं बाहेर पाठवता येत नाही. हॅरिकेन म्हणजे बंगालीत कंदील, हरिकेन लँटर्नमधला लँटर्न गळून पडला. वादळाच्या बातमीत हरिकेन ऐकलं की पोरगं आधी आजीच्या खोलीतला कंदील आठवतं. लॉजेन्स म्हणजे कुठलीही चघळायची गोळी, घसा दुखत असो नसो. टिउशोनि म्हणजे खासगी शिकवणी, एवढंच. हेब्बी, म्हणजे हेवी, म्हणजे ‘लई भारी’. आणि मेस! आपल्याकडं मेस म्हणजे डबा, खानावळ, महिन्याचे पैसे आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. कोलकात्यात मेस म्हणजे नोकरदार पुरुषांनी मिळून राहायचं घर, खोली आणि जेवण दोन्ही. ब्योमकेश बक्षीची पहिली गोष्ट अशाच एका मेसमध्ये घडते. आणि इंग्रजीत “माय रूम इज अ मेस” म्हटलं तर तिसराच अर्थ, पसारा. एका शब्दासाठी एक मराठी, एक बंगाली आणि एक इंग्रज एकमेकांकडं बघत बसतील.

आवाजाचंही थोडं सांगतो. बंगाली लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहितात, पण बोलताना ते सारखेच वाजतात. त्यामुळं शिप आणि शीप एक, सिट आणि सीट एक. फुल्ल भरलेला, मूर्ख आणि झाडावरचं फूल, तिन्ही बंगाली लिपीत एकाच स्पेलिंगनं लिहिता येतात, फुल. व्हेरीचं भेरी होतं, झीरोचं जिरो. हे उच्चार घासून चकचकीत करायची काही गरज नाही, माझेही मराठी वळणाचेच आहेत. पण शब्दसंग्रहासाठी यातून एक काम निघतं. जे दोन शब्द कानाला एकच वाटतात, ते डोक्यात एकाच कप्प्यात पडतात. म्हणून अशा जोड्या कधीच सुट्या शिकू नका, वाक्यातच घ्या. “द टँक इज फुल” आणि “डोन्ट बी अ फूल” या वाक्यांत गोंधळाला जागाच उरत नाही.

दोन छोटे सापळे राहिलेच. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींसाठी एकच शब्द, आणि त्याचा उच्चार ‘शे’! इंग्रजी शीच्या इतका जवळ की वडिलांबद्दल बोलतानाही भाऊ शी म्हणून जातो. दुसरा सापळा काल. बंगालीत काल म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. नीट सांगायचं तर गॉतोकाल आणि आगामीकाल असं म्हणतात, पण बोलताना नुसतं काल. ग्राहकाला “युअर फोन विल बी रेडी यस्टरडे” सांगितलं तर काय होईल, कल्पना करा.

आता कार्डांची गोष्ट, म्हणजे माझा आवडता भाग. इंजिनिअर आहे, समजून घ्या.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ च्या पुस्तकात एक साधी पेटी सांगितली. शब्दांची कार्डं करायची, पेटीत पाच कप्पे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे लांब लांब अंतरानं. त्यामुळं येतं ते घोकण्यात वेळ जात नाही. हेच काम अँकी नावाचं ॲप करतं, २००६ पासून. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कंपनीची जाहिरात नाही, मी वापरतो म्हणून सांगतोय.

पण पेटीत काय घालता त्यावर सगळं आहे. नेटवरून तयार कार्डं उतरवली की पुढं एक इंग्रजी शब्द, मागं एक बंगाली अर्थ, म्हणजे परत तोच हॅश मॅप. आम्ही उलटं केलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला अख्खं बंगाली वाक्य, जसं तो घरात बोलतो तसं. ‘बाबा ओशुध खाच्छे.’ मागच्या बाजूला इंग्रजी वाक्य, त्याच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. “बाबा इज टेकिंग हिज मेडिसिन.” या एका कार्डात खाओआचं टेक झालं आणि हिजही बसलं, म्हणजे शे-शीचा सापळाही चुकला. दिशा बंगालीकडून इंग्रजीकडंच हवी, कारण इंटरव्ह्यूत त्याला त्याच दिशेनं जायचंय. इंग्रजी वाचून अर्थ ओळखणं तुलनेनं सोपं असतं आणि त्यानं खोटा धीर येतो.

कार्डांची रचना आम्ही इंग्रजी ए-टू-झेडप्रमाणं न करता बंगाली क्रियापदांप्रमाणं केली. पहिले दहा दिवस खाओआ. मग तोला. मग काटा. मग धॉरा, म्हणजे धरणं. बस धरली की कॅच द बस, फोन धरला की आन्सर द फोन, डोकं धरलं की आय हॅव अ हेडेक. मग पाओआ, म्हणजे मिळणं. बंगाली माणसाला भूक ‘मिळते’, झोप मिळते, भीतीही मिळते. खिदे पाओआ, घुम पाओआ, भॉय पाओआ. पुस्तकाप्रमाणं गेलात तर “आय गॉट हंगर” असं काहीतरी विचित्र येतं. हवंय काय, तर आय ॲम हंग्री, आय ॲम स्लीपी, आय गॉट स्केअर्ड. एवढी पाच-सहा क्रियापदं संपली तेव्हा त्याच्याकडं तीनशेच्या आसपास वाक्यं होती, आणि त्यांतले जवळजवळ सगळे इंग्रजी शब्द त्या २८०० च्या यादीतलेच निघाले. मी नंतर स्क्रिप्ट लिहून तपासलं. सवय, दुसरं काय.

रोज नवीन कार्डं दहाच. अँकी सुरुवातीला वीस लावून देतं, ती सेटिंग लगेच खाली आणा. जुनी कार्डं परत परत येत राहतात, महिन्याभरात रोजची उजळणी सत्तर-ऐंशीवर जाते आणि मग माणूस ॲपच उडवतो. दहा कार्डांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, दुकान बंद करून घरी जाताना टोटोत बसल्या बसल्या होतात. टोटो म्हणजे तिकडची ई-रिक्षा.

ऐकण्यासाठी काय, असं विचाराल. या बाबतीत बंगाली जगात एक छान गोष्ट घडून गेलीय. २००९ मध्ये बांगलादेशात ‘बीबीसी जानाला’ सुरू झालं. साध्या मोबाईलवरून ३००० हा नंबर फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. स्मार्टफोन नको, नेट नको. जानाला म्हणजे खिडकी, आणि गंमत म्हणजे हा शब्द बंगालीत पोर्तुगीजांकडून आलाय. पॉडकास्टवाला म्हणून मला यातली तीन मिनिटं फार पटतात. आम्हीही तेच करतो. तो रोज एक तीन मिनिटांची क्लिप तीनदा ऐकतो. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा अडलेला एकच शब्द लिहून, तिसऱ्यांदा बरोबरीनं बोलत. एकच शब्द बरं का, पाच नाही. वेस्टचा पन्नासात एकचा हिशेब आठवा.

शाळेचा मुद्दाही सांगायला हवा, नाहीतर हे सगळं त्या एका मुलाच्या कष्टावर ढकलल्यासारखं होईल. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकली होती. मातृभाषेतून पाया पक्का व्हावा हा हेतू होता, आणि हेतूत मला खोट दिसत नाही. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलं इंग्रजी शाळेत किंवा टिउशोनिला घातली आणि बाकीचे मागं राहिले. पुढं टप्प्याटप्प्यानं इंग्रजी परत आली. आपल्याकडं महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आली, माझी बॅच त्यातलीच. कृष्णनगरच्या या पोराच्या आईवडिलांच्या पिढीला घरात इंग्रजी शिकवता येत नाही, यात त्यांचा काय दोष? बंगालीत विचार करणारा मुलगा इंग्रजीत ‘ढ’ नसतो, त्याच्या क्रियापदांच्या सीमारेषा वेगळ्या आहेत इतकंच. हे त्याला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

सध्याची खबर अशी. फोनवरची पहिली फेरी झाली. “कस्टमर चिडला तर काय कराल?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “फर्स्ट आय विल लेट हिम फिनिश.” लेट हिम फिनिश! हे कार्ड माझं नाही, त्याचं त्यानं बनवलेलं. दुसरी फेरी महालयाच्या आधीच्या आठवड्यात आहे, समोरासमोर, कोलकात्याला सेक्टर फाइव्हमध्ये. सोमवारपासून आम्ही ‘लागा’ हे क्रियापद घेतोय. थंडी लागणं, वेळ लागणं, आवडणं, आग लागणं सगळं त्यातच येतं, त्यामुळं घाम निघणार आहे.

आणि ताई, तुझ्या रूममेटसाठी आज रात्रीचं काम. तिला विचार, तुम्ही काय काय ‘खाता’? ती सांगेल ती वीस वाक्यं वहीत उतरव, तिलाच इंग्रजीत म्हणायला लाव, आणि जिथं ती अडेल तिथली कार्डं कर. तुझं बंगाली भालोबाशिच्या पुढं सरकेल तो वेगळा फायदा. फक्त ती म्हणाली की तिच्या आईनं तिला फार चांगली ‘शिक्षा’ दिली, तर घाबरू नकोस. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण.